द्वादशीला थांबणारी नदी

सेतू,

तू गेल्यापासून माझ्या थापांना लगाम उरलेला नाही. परवा बसस्टँडजवळच्या कॉफीच्या दुकानात मी सांगितलं की मोठ्या पुरात कावेरीतून एक हत्ती गवताच्या गंजीवर बसून वाहत आला, आणि बसल्या बसल्या तीच गंजी खात होता. आठ माणसं ऐकत होती. आठही जणांनी माना डोलावल्या, एकाने मला दुसरी कॉफी सांगितली. तू असतास तर खिशातून पेन काढून पेपरच्या कडेला हत्तीचं वजन मांडलं असतंस आणि म्हणाला असतास, "तिरुवैयारूला पोचेपर्यंत अर्धी गंजी पोटात गेली असेल तर हत्ती बुडायला हवा, रघू. बुडाला का?" मग मला त्या हत्तीला पोहायला शिकवावं लागलं असतं. आता कुणी विचारत नाही, म्हणून माझे हत्ती कसेही तरंगतात.

तुला उद्देशून मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. सहाव्या वर्षापासून एका गल्लीत राहणारी माणसं पत्रं लिहीत नाहीत, भिंतीवरून हाक मारतात. पण आपल्या इथल्या मराठी मंडळाने तुझ्या आठवणीचा अंक काढायचं ठरवलं आहे, आणि मुरलीने, तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्या लाडक्या विद्यार्थ्याने, त्यात तुझा द्वादशीचा लेख छापायला घेतला आहे. तो छापला जाऊ नये म्हणून मी हे लिहितो आहे. इतरांना वाटेल की मी रडायला बसलो. रडणं नंतर.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. हे मी मुद्दाम मराठीत, देवनागरीत लिहायला घेतलं. आपल्यातले निम्मे लोक हे दुसऱ्याकडून वाचून घेतात, मुलं ऐकून तमिळमध्ये उत्तर देतात, आणि मुरलीला तर यातलं अक्षर कळत नाही. कबुली द्यायची आणि ती नको त्याला कळू नये, अशी ही माझी जुनी चलाखी. तुला ती पहिल्या परिच्छेदातच दिसली असती.

तर. तू कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचास आणि मी पाण्याच्या खात्यात मोजपट्टी वाचायचो. जगातली सर्वांत लहान नोकरी: दिवसाला एक आकडा. तिरुवैयारूच्या पुलाखाली दगडी खांबावर रंगवलेली पट्टी, सकाळी सहाला जाऊन पाणी कुठल्या रेघेला टेकलं आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. नदी आटली की शून्य लिहायचं. सव्वीस वर्षं मी हे केलं, आधी सायकलवर, मग मोपेडवर. माझ्या वरच्या साहेबांनी ती वही कधी उघडली असेल असं मला वाटत नाही. तू उघडायचास. दर रविवारी येऊन आठवड्याचे आकडे तुझ्या जाड वहीत उतरवून घ्यायचास, गुरुजी मुलाचं पाठांतर घेतात तशा गंभीर चेहऱ्याने.

"तुझ्या तोंडावर माझा काडीचा विश्वास नाही," तू म्हणायचास. "तुझ्या वहीवर आहे."

"दोन्ही माझंच आहे की."

"तोंडाला गोष्ट आवडते. आकड्याला काय आवडणार?"

त्या वाक्याने मला जितका मान दिला तितका आमच्या खात्याने निवृत्तीच्या हारानेही दिला नाही. तो हार तर दुसऱ्याच कुणाच्या निवृत्तीचा उरलेला होता, शपथेवर सांगतो. बरं, शपथेवर नाही सांगत.

संध्याकाळी आपण बसने तिरुवैयारूला जाऊन नदीच्या पायऱ्यांवर बसायचो, भुईमुगाच्या शेंगा मध्ये ठेवून. तू तुझा नियम सांगायचास, मी त्याला डिवचायचो.

"कारण शोधायचं तर निसर्गातच शोधायचं. बाहेर जायचं नाही."

"बाहेर काही नाहीच, असं म्हणतोस?"

"असेल, नसेल. मी जात नाही. तो माझा नियम आहे, मत नाही."

"मग हा नियम तुला कुठल्या दुर्बिणीतून दिसला?"

"दिसला नाही. चालतो."

"चालतो म्हणजे खरा?"

"आत्तापर्यंत चालला म्हणजे आत्तापर्यंत चालला. ऊठ, बस जाईल."

आपला एकही वाद संपला नाही, सगळे बस येऊन थांबले. एकदा मात्र बस यायला वेळ होता. मी विचारलं होतं, माणूस खरं का बोलतो, ते तुझ्या निसर्गात कुठे बसतं? तू म्हणालास, कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना एकमेकांवर भरवसा ठेवावा लागतो, न ठेवणारे कळप संपले. "म्हणजे तू माझ्यावर भरवसा ठेवतोस तो कळप टिकावा म्हणून?" बराच वेळ शेंगांची टरफलं एकेक करून पाण्यात सोडत राहिलास. मला वाटलं मी जिंकलो. आठवडाभर गल्लीत सांगत फिरलो की प्राध्यापकाला गप्प केलं. आज ती तुझी चुप्पी माझ्या छातीवर बसली आहे आणि उठत नाही.

आता ते सांगतो.

पद्मा, माझी बायको, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिते. द्वादशीला सूर्य वर येताना पारणं: हादग्याच्या पाल्याची भाजी, इथे आपण तिला अगत्तीच म्हणतो, आवळ्याची पचडी, मुगाचं वरण, वर तूप. चिंच त्या दिवशी वर्ज्य, म्हणून सांबार नाही. मी जेवल्याशिवाय ती घास घेत नाही. आदल्या सूर्योदयापासून उपाशी असलेल्या बाईला, थांब, मी नदी बघून येतो, असं कोण सांगेल? हे झालं सभ्य कारण. दुसरं कारण म्हणजे ती अगत्ती. तिच्या वासाने एकदा पश्चिम वीथीतली चार लग्नं लांबली होती, वऱ्हाडी आमच्या ओसरीवरून हलेनात.

आणि तूही हलायचा नाहीस. एकादशीला दोन वेळा इडली खाणारा नास्तिक तू, द्वादशीला सव्वासहाला आमच्या दारात. "मला पुण्य नको, भाजी वाढा," म्हणायचास. पद्मा तुला माझ्या शेजारी पान मांडायची. सव्वासहाला मी तुझ्या शेजारी बसून भात कालवत असायचो, सेतू, आणि माझी सहाची पट्टी तिथून बारा किलोमीटरवर असायची.

जेवून मी निघायचो, वाटेत न्हाव्याच्या दुकानात एखादा हत्ती बुडवायचो, आणि अकराला पुलाखाली पोचायचो. तोवर वरच्या बंधाऱ्याची दारं हलवून झालेली असायची. सहाचं पाणी अकराला कुठून आणू? मी आदल्या दिवशीचाच आकडा पुन्हा लिहायचो. त्रयोदशीला जाऊन खरा लिहायचो. दर पंधरवड्याला एकदा. सव्वीस वर्षं. त्यातल्या पुष्कळ द्वादश्यांना त्या आकड्याचा अभ्यास करणारा माणूस माझ्याकडे भाजी मागत होता.

जोवर तू आलेखाच्या कागदावर इंग्रजी तारखांनी ठिपके मांडत होतास तोवर काही दिसलं नाही. मग देशात उदारीकरण आलं म्हणतात, आणि आपल्या गावात ते मुरलीच्या टायपिंग क्लासच्या जिन्यावरून वर चढलं. टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी फडकी पांघरलेले कॉम्प्युटर आले, बाहेर चपला काढून आत जायचं, देवळासारखं. तू तुझ्या सगळ्या वह्या तिकडे नेल्यास. समुद्राला भरती चंद्राने येते, मग आपल्या या त्रिभुज प्रदेशातल्या जमिनीखालच्या पाण्याला काही होत असेल का, हे तुला बघायचं होतं. म्हणून तू मुरलीला सांगितलंस, आकडे तिथीने लाव.

त्या दुपारी तू माझ्या घरी आलास तेव्हा तुझ्या हातात कडेला भोकं असलेला कागद होता, नऊवारी लुगड्याएवढा लांब, निम्मा गल्लीतून फरफटत आलेला.

"रघू, नदी थांबते."

"कुठे?"

"द्वादशीला. दोन्ही पक्षांत. एक दिवस हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी एकदम उडी मारते. सगळी सव्वीस वर्षं. हे बघ, पायरी, पायरी, पायरी."

मी बघितलं. माझीच जेवणं ओळीने छापून आली होती.

"नदीचंही पारणं असेल," मी म्हणालो.

तू इतका हसलास की पद्मा बाहेर आली. तुला वाटलं ही माझी नेहमीची थाप. जन्मात एकदा खऱ्या कारणाच्या इतक्या जवळ जाऊन मी बोललो, आणि तुझ्या हसण्याआड लपून घरात गेलो.

मग तू दोन वर्षं त्या पायरीवर घालवलीस. गावोगावच्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजलंस. समुद्राच्या भरती-ओहोटीचे तक्ते मागवलेस. पंधरवड्याची भरती, पंधरवड्याची पायरी, मध्ये बारा दिवसांचं अंतर. तू ते अंतरही बसवलंस, म्हणालास चंद्राचा जोर जमिनीखालून इथवर यायला तेवढे दिवस लागत असतील. लेख लिहिलास. मी तो ऐकला. इतकं सुंदर खोटं मला सात जन्मांत सुचलं नसतं, आणि त्यात तुझ्या बाजूने एक शब्द खोटा नव्हता. निसर्गातच कारण शोधायचं म्हणून तू निसर्गात गेलास, आणि निसर्ग एवढा मोठा आहे की खोदणाऱ्याच्या हाताला काही ना काही लागतंच. फक्त पारण्याच्या पानावर शोधायचं तुला सुचलं नाही. की सुचलं?

बातमी फुटली. एका पंचांगवाल्याने दिनदर्शिकेवर छापलं: कावेरीही द्वादशी पाळते, विज्ञानाची साक्ष. खाली तुझं नाव, पदवीसह. तू दुकानात जाऊन भांडलास, त्याने तुला खुर्ची दिली, नारळ दिला आणि दिनदर्शिकेच्या दोन प्रती दिल्या. त्या बगलेत घेऊन तू पायऱ्यांवर आलास. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"विहिरी जुळत नाहीत, रघू," तू म्हणालास. "पायरी पट्टीवर दिसते, विहिरीत दिसत नाही. चंद्राचं मी उगाच लिहिलं. मला हवं होतं म्हणून लिहिलं."

"मग आता?"

"लेख बदलणार. कारण माहीत नाही, असं लिहिणार."

"लोक म्हणतील, देव."

"म्हणू देत. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. त्या रिकाम्या जागेत मी चंद्र बसवणार नाही आणि त्यांना देव बसवू देणार नाही." मग शेंग फोडता फोडता तू माझ्याकडे पाहिलंस. "सव्वीस वर्षं तू रोज तिथे होतास. तुला काही सुचतं?"

तेव्हा, सेतू, तेव्हा. मी निवृत्त झालो होतो, मला कुणाची भीती नव्हती. पायऱ्यांवर आपण दोघंच होतो. बसही आली नव्हती.

मी तुला मगरीची गोष्ट सांगितली. द्वादशीला एक म्हातारी मगर त्या खांबाला पाठ लावून झोपते, तिच्या पोटाने पाणी अडतं, तिला उठवायला मी बांबू घेऊन जायचो, एकदा तिने बांबूच खाल्ला. तू ठसका लागेपर्यंत हसलास. डोळे पुसलेस. आणि पुन्हा विचारलं नाहीस.

का नाही सांगितलं याची मी रोज नवी कारणं तयार करतो, आणि ती सगळी चंद्रासारखी छान बसतात. खरं एवढंच दिसतं की गावभर माझं बोलणं करमणूक म्हणून खपत होतं, आणि एका माणसाच्या कपाटात माझं लिहिलेलं खरं म्हणून ठेवलेलं होतं. ते कपाट मला रिकामं करवेना.

लेख बदलायच्या आधी तू गेलास. म्हणजे मुरलीकडे आहे तो चंद्राचाच लेख. तोच आता तुझं शेवटचं म्हणणं म्हणून छापून येणार, पंचांगवाला तो वर्षानुवर्षं मिरवणार, आणि देवाला रिकामी जागाही न देणाऱ्या माणसाच्या नावावर माझं पारणं कायमचं लागणार.

तेराव्यानंतर तुझ्या बायकोने, सुंदरवैनींनी, मला बोलावून तुझी जाड वही पुढे ठेवली. "तुमचं नाव आहे आत, बघा," म्हणाल्या. शेवटच्या पानांत तू पायरीच्या शक्य कारणांची यादी केली होतीस. चंद्र, भरती, वरची दारं, गाळ, पट्टीचा उडालेला रंग, देवळातल्या सणांचं स्नान. प्रत्येकापुढे काट मारून शेजारी बारीक अक्षरात कारण. पानभर काटाकाट. सर्वांत खाली: पट्टी वाचणारा, रघू.

त्यापुढे काही नाही. काट नाही, खूण नाही, शब्द नाही.

मी ते पान उन्हात धरून पाहिलं, पालथं करून पाहिलं. एक तर तुला माझ्यावर शंका घ्यायची गरजच वाटली नाही, म्हणून पुढे लिहिलं नाहीस. किंवा तुला सगळं कळलं होतं, सव्वासहाचं पान आठवलं होतं, आणि म्हणूनच पुढे लिहिलं नाहीस. पायऱ्यांवर तू मला विचारलंस ते उत्तर हवं म्हणून, की मला एक संधी द्यायची म्हणून? दोन्हींत कागद तोच, शाई तीच, कोरी जागा तेवढीच लांब. कुठली पट्टी लावू? तुझ्या नियमाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण मला आज त्याच्याकडून एकच उत्तर हवं आहे आणि ते तो देत नाही. आणि नियमाबाहेर जाऊन विचारावं तर तिथे जाऊन आलेला कुणी माझ्या ओळखीचा नाही. तूही नाही, तू गेलास पण परत सांगायला आला नाहीस, आणि आला असतास तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला असता का, हाही प्रश्नच.

वैनींना मी तिथेच बसून सगळं सांगितलं. त्या पेला पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. मी म्हणालो, अंकासाठी लिहितो आहे, मराठीत.

"मुरली मराठी वाचतो काय?"

"नाही."

"मग त्याला तमिळमध्ये सांगा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

म्हणून काल चपला काढून मी तुझ्या त्या देवळात गेलो आणि इथवरचा मजकूर मुरलीला ओळीओळीने तमिळमध्ये सांगितला. हत्ती गाळले. त्याने हात जोडून ऐकलं. मगरीशी आलो तेव्हा हसला आणि लगेच ओशाळला.

"अय्या, एक विचारू?" तो म्हणाला. मी त्याचा अय्या, तू त्याचा सार, म्हणजे सर. "सार तुमच्या शेजारी जेवत होते म्हणता. सव्वासहाला."

"हो."

"प्रॅक्टिकलला माझं घड्याळ अर्धा मिनिट पुढे होतं तर सारनी मला बाहेर काढलं होतं. त्यांच्या शेजारी सव्वीस वर्षं असं चाललं आणि त्यांना कळलं नाही?"

"तेच तर मला..."

"कळलं असतं. कळलं तर चंद्राचं लिहिलं नसतं. लिहिलं आहे, म्हणजे असं झालेलं नाही." त्याने फार मायेने माझा हात धरला. "सार गेले ते तुम्हाला सोसत नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या लेखात स्वतःला बसवता. समजतं मला. पण छान जमलंय, अय्या. सारना आवडलं असतं. शेवटच्या पानावर घेऊ, तुमच्या गमतीजमतींच्या नेहमीच्या जागी."

"आणि चंद्राचा लेख?"

"तो पहिल्या पानावर."

काय युक्तिवाद होता, सेतू. पायरीपायरीने, कुठेही निसर्गाबाहेर न जाता, हाती असलेल्या पुराव्यावरून. तुझाच विद्यार्थी.

घरी येऊन पद्माला विचारलं, द्वादशीला मी कधी निघायचो, आठवतं का तुला. ती म्हणाली, "जेवून लगेच सायकल काढायचा की. दारात उभी असायचे मी. एक दिवस चुकला नाहीत कामाला." वर म्हणाली, "असलं बोलू नका, लोक खरं धरतील."

धरत नाहीत. तीच तर अडचण आहे. हे पान ज्यांच्या हातात पडेल ते वाचतील, शेजाऱ्याला वाचून दाखवतील, मगरीशी थांबून हसतील. त्यांना विनवणी करतो की पहिल्या पानावरचा चंद्र खोटा आहे, तो सेतुरामने मागे घेतला होता, माझ्यासमोर, पायऱ्यांवर, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. हे वाचूनही ते हसतील. त्यांचा दोष नाही. गावात मला थापाड्या म्हणणारे पुष्कळ आहेत, प्रेमाने म्हणतात. खोटारडा म्हणू शकणारा माणूस तू एकटा होतास.